वल्ह्याला लावलेला कान

आमच्या शाळेचा शिपाई आत्माराम मुलं डोळ्यांनी मोजत नसे. धुक्याच्या दिवसांत तर मुळीच नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूत तो आपलं जुनं वल्हं पात्याकडून खोल रोवायचा, वरच्या टोकाला उजवा कान लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. समोरच्या पांढऱ्या धुक्यात पाचवी ते सातवीची मुलं धावत असायची. मला त्यांतलं एकही दिसत नसे. आत्माराम मात्र मुठीतले शिंपले एकेक करून पायाशी टाकत राहायचा. एकतीस शिंपले पडले की हात वर करायचा. मग मी शिट्टी मारायची आणि लाल नाकांची, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेली एकतीस मुलं धुक्यातून बाहेर यायची.

मागच्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका सकाळी एकतीस शिंपले पडले आणि मी शिट्टी ओठांना लावली, तोच आत्मारामने हात आडवा केला. तो वाकला, वाळूतला आणखी एक शिंपला उचलला आणि बाकीच्यांपासून थोडा बाजूला ठेवला.

"कोण जास्त आलं? कुत्रं असेल एखादं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मी शिट्टी मारली, मुलं आली, मी दोनदा मोजली. एकतीसच.

"कान तपासून घ्या हो एकदा," मी चेष्टेने म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वल्हं उपटून खांद्यावर टाकलं. तो बाजूचा शिंपला मात्र त्याने खिशात घातला नाही. भरतीचं पाणी येईपर्यंत तो तिथेच होता; शाळेच्या ओट्यावरून उतरून मी तीनदा जाऊन पाहिला.

मी मूळची पालघरची. रोज एसटीने बोईसर आणि तिथून टमटमने तारापूरच्या बाजूचं हे किनाऱ्याचं गाव. गावात मला सगळे 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'नाचणीबाई'. ते मला ठाऊक आहे आणि त्याचा मला रागही नाही. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात डॉक्टरांनी पडद्यावर हृदयाची रक्तवाहिनी दाखवली होती, आतून पिवळा थर बसलेली. हा थर बसायला शाळेच्या वयातच सुरुवात होते, असं ते म्हणाले. मी घरी आले ती डोक्यात किडा घेऊनच. फाटकातून आत येणारी वेफर्सची पाकिटं आणि लाल रंगाचं गोड पाणी बंद केलं. मधल्या सुट्टीत नाचणीची आंबील, पेरू, काकडी, उकडलेले हरभरे सुरू केले. मीठ कमी करा, सुकी मासळी रांधण्याआधी दोन पाण्यांतून काढा, असं सांगायला मी मासळी सुकवणाऱ्या बायकांकडे गेले. ज्यांचं अर्धं घर मिठावर चालतं, त्यांना मी मीठ शिकवायला गेले! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण पोरं ऐकायची, आणि पोरं ऐकायची ती आत्माराममुळे.

साठीच्या आसपासचा उंच, वाळका माणूस. गावाने मानधनावर ठेवलेला. बोलणं जवळजवळ नाहीच. फाटकात उभा राहून तो फक्त तळहात पुढे करायचा आणि खिशात पाकीट लपवलेलं पोरगं आपण होऊन ते त्याच्या हातावर ठेवायचं. त्याचा स्वतःचा डबा म्हणजे तांदळाची भाकरी आणि कोकम घालून उकडलेला ताजा मासा, वर तेलाचा टिपूसही नाही. मुलं त्याच्याभोवती बसून जेवायची. माझ्या तक्त्यांनी जे झालं नाही ते त्या डब्याने झालं.

व्यायामही त्याचाच. धावून झालं की तो मुलांना वाळूत दोन रांगांत, एकामागे एक बसवायचा आणि वल्हवायला लावायचा. हातात काही नसायचं. स्वतः पुढे बसून पाठ वाकवायचा, हात खेचायचा आणि मागे एकतीस मुलं तसंच करायची. छाती भरून श्वास, खेच, सोड. कोणी हसायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्यांदा ते धुक्यात पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नसलेली होडी, आणि ती कुठेतरी चालली आहे याबद्दल त्या पोरांच्या चेहऱ्यावर शंकाच नाही.

तो वीस वर्षं होडीवर होता, आणि होडीवर त्याचं काम होतं ऐकण्याचं. घोळ, ढोमी ही मासळी पाण्याखाली आवाज करते. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून वरच्या टोकाला कान लावला की तो आवाज लाकडातून वर येतो. सगळ्यांनाच तो कळत नाही. आत्मारामला कळायचा. त्या कामाचा एक नियम होता, तो मला गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितला. ज्याचा कान वल्ह्याला, त्याने तोंड उघडायचं नाही. एक बोट म्हणजे थवा लांब आहे. दोन बोटं म्हणजे जवळ आला. मूठ वळली की जाळं टाकायचं. ऐकलेलं जो बोलून दाखवील, त्याची मासळी जाते आणि मागोमाग त्याचा कानही जातो. मी विज्ञान शिकवते, तेव्हा हे ऐकून हसले असेन, असं समजायला हरकत नाही.

तेच वल्हं तो मुलांच्या छातीला लावायचा. धावून आलेलं मूल समोर उभं, पातं त्याच्या बरगडीवर अलगद टेकवलेलं, दुसऱ्या टोकाला आत्मारामचा कान. मग मांडीवर एक बोट आपटत तो ठोके दाखवायचा आणि वर्ग ते मोजायचा. धावल्यावर किती, पाच मिनिटांनी किती. मी खूश होते. हृदयाचा असा पाठ कुठल्या शाळेत होतो?

एका मुलीच्या छातीला मात्र ते वल्हं कधी लागलं नाही. भाविका, सातवीतली, आमची सगळ्यांत वेगवान पोर. तिची आई रुचिता शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच आली होती, मासळीचे हात तसेच ठेवून.

"बाई, माज्या पोरीला त्याचं वल्हं लावायचं नाय. तुमी बाहेरच्या, तुमाला म्हाईत नाय. त्यानं सोताच्या पोरीला, ठकीला, असंच ऐकलं होतं. गप बसला. तिसऱ्या दिशी पोर वाळूत धावता धावता पडली, ती उठलीच नाय. दहा वर्सांची होती."

"म्हणून काय ऐकल्याने गेली का ती?"

"ऐकल्यानं नाय. तो ऐकून गप बसतो ना, तवा मानूस जातं."

मी तिला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी, भाविकाला वल्हं लावणार नाही असं कबूल केलं. आत्मारामला सांगितलं, तेव्हा त्याने फक्त मान डोलावली. ठकीला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यानंतर तो पुन्हा होडीवर चढला नव्हता.

तर त्या जानेवारीत बत्तिसावा शिंपला रोज पडू लागला. तालुक्याच्या शर्यती आठ दिवसांवर आल्या होत्या. आमची शाळा त्यात कधीच कुठे नसायची, पण या वेळी भाविका होती. मी तिला दोन फेऱ्या जादा धावायला लावत होते. आंबील दोन पेले पाजत होते. कधी कधी धावून आल्यावर ती गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ उभी राहायची, ओठ जरा फिकट दिसायचे. थंडीने, असं मी म्हणायचे. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं, दुसरं काय.

चौथ्या दिवशी मी आत्मारामला धरलंच. "रोज हे काय चाललंय? कोण आहे जास्त?"

त्याने वल्ह्याने वाळूकडे खूण केली आणि चालू लागला. मी मागे गेले. धुकं इतकं दाट होतं की मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. मुलांच्या पावलांचा चिखल झाला होता, तो ओलांडून तो पुढे पाण्याच्या कडेला गेला. तिथे भाविका एकटीच धावली होती. तिच्या एकटीच्याच पायात कॅनव्हासचे बूट असायचे, तेव्हा तिचे ठसे ओळखायला अवघड नव्हते. त्या ठशांच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर, दुसरे ठसे होते. लहान, अनवाणी. उजवा पाय नीट उमटलेला आणि डाव्याच्या मागे दर वेळी एक ओरखडा, पाय घासत नेल्यासारखा.

बाकीची तीस मुलं अनवाणीच धावत होती, तेव्हा त्यांतलंच कोणीतरी तिच्या मागे गेलं असेल. असं मी स्वतःशी म्हणाले, दोनदा म्हणाले. पण सातवीची मोठी मुलं सोडली तर तिच्या जवळपासही कोणी धावत नव्हतं, आणि हे पाऊल माझ्या वितीएवढं होतं. पाण्याची एक लाट आली आणि दोन्ही ठसे पुसून गेली. मी आत्मारामकडे पाहिलं, तर तो पाण्याकडे बघत उभा होता.

त्या दुपारी मुलं जेवायला बसली होती. आत्माराम माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत तो असा कधी आला नव्हता.

"बाई, बोलायचं हाय."

"बोला की."

उजव्या कानावरून त्याने एकदा हात फिरवला, कोणाचा निरोप घ्यावा तसा.

"ठकीच्या छातीत पानी वाजत होतं. होडीची फळी सुटली का फटीतून पानी सुळकन आत घुसतं ना, तसं. दर ठोक्याला. मी वल्ह्यानं ऐकलं. पन तोंड उघडलं नाय. होडीची सवय, बाई. दोन बोटं वर केली. जवळ आलंय, म्हनून. घरात कोनाला काय कळनार? बायको हसली. मला वाटलं, बोललो तर पोर जाईल. नाय बोललो, तरी गेली."

मी समोरची वही मिटली.

"तवापासून ती धावते. रोज नाय. ज्याच्या छातीत तसं पानी हाय, त्याच्या मागं धावते. तिचा पाय मला कळतो, डावा घासायची. आता ती भाविकाच्या मागं हाय." मग तो जवळजवळ ओरडलाच, "पोरीला धावू देऊ नका, बाई! आता बोललो मी. कान गेला तरी जाऊ दे."

बाहेर जेवणाऱ्या मुलांचा गलबला क्षणभर थांबला. आत्माराम वळला आणि निघून गेला.

मला राग आला, हे खरं सांगते. शर्यत चार दिवसांवर, आणि एका म्हाताऱ्याच्या भुताखेतांसाठी मी पोरीला घरी बसवू? तिला काही झालेलं नाही हे त्याच्या तोंडावर दाखवावं, म्हणून मी कपाट उघडून आरोग्य तपासणीचे कागद काढले. ऑगस्टमध्ये डॉक्टर येऊन सगळ्या मुलांना तपासून गेले होते. भाविकाचा कागद सापडला. 'हृदय' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'निरोगी'. अक्षर माझं होतं.

तपासणीच्या त्या दिवशी भाविका गैरहजर होती. आईबरोबर कोळंबी सोलायला गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, तिला नंतर घेऊन या. मला शंभर टक्के तपासणी झाल्याचा कागद पाठवायचा होता. एवढी उड्या मारणारी पोर, तिला काय होणार? मी लिहून मोकळी झाले. हृदयाचे तक्ते भिंतीभर लावणाऱ्या बाईने एका मुलीचं हृदय न ऐकताच पास केलं होतं. मी तो कागद हातात धरून बसले आणि मला माझी लाज वाटली. अजूनही वाटते.

रुचिता बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमागे होती. आत्मारामचं नाव ऐकताच तिने हातातली टोपली आपटली. "त्यानं ऐकलं? माज्या पोरीला ऐकलं?"

"नाही. कोणीच ऐकलं नाही, तीच तर गोष्ट आहे," मी म्हणाले आणि कागदाचं सगळं सांगून टाकलं. ती मला मारील असं वाटलं. मारलं असतं तर मी हात धरला नसता. पण पदराला हात पुसून ती म्हणाली, "चला."

आम्ही तिघी पालघरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. नंबर आला. डॉक्टरांनी भाविकाला झोपवलं आणि नळी छातीला लावली. ते आईला काहीतरी विचारत होते, ते मधेच थांबले. डोळे मिटले. रुचिता काही बोलायला गेली, तर न बघता त्यांनी एक बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. मग दुसरं बोटही नकळत उघडलं. तसेच ते दोन बोटं वर धरून ऐकत राहिले. रुचिताने माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की नखं रुतली.

हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिनीची झडप जन्मतःच अरुंद होती. रक्त तिच्या फटीतून जोर करून बाहेर पडत होतं, दर ठोक्याला. यंत्राच्या पडद्यावरही ते दिसलं. "ही धावते?" डॉक्टरांनी विचारलं. मी होय म्हणाले आणि शर्यतीचंही सांगितलं. "कोणी थांबवलं हिला? चार दिवसांनी शर्यत आणि हे असं..." कोणी थांबवलं, ते मी सांगितलं नाही.

पुढचं सगळं लवकर झालं. मुंबईच्या इस्पितळात मांडीच्या शिरेतून नळी घालून, आत फुगा फुगवून डॉक्टरांनी ती झडप मोकळी केली. शर्यत आमच्याविनाच झाली. महिन्याभराने भाविका शाळेत आली ती चालत, आणि पहिल्यांदा फाटकापाशी थांबली. रुचिता तिच्यामागे होती. आत्मारामच्या पायाशी रुचिताने मोठ्या ताज्या पापलेटांची जोडी ठेवली आणि निघून गेली.

त्याने "कोन आलं?" असं विचारलं नाही. कारण त्याची पाठ होती आणि त्यांची पावलं त्याला ऐकूच आली नव्हती. वळून पाहिलं तेव्हा भाविका दिसली.

त्याचं ऐकणं तो बोलला त्या दुपारपासूनच जाऊ लागलं होतं. मी दवाखान्यातून परतले, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याने नेहमीसारखं वल्हं रोवलं, कान लावला आणि उभा राहिला. शिंपले मुठीतच राहिले. बऱ्याच वेळाने त्याने कान काढला आणि हसला, ओशाळल्यासारखा. महिन्याभरात त्याला घंटेचा आवाजही येईना. मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने शिरा सुकतात, असं ते म्हणाले. माझ्यासारख्या विज्ञानवाल्या बाईने त्यावर विश्वास ठेवायला हवा होता. मी ठेवतेही, दिवसा, माणसांत असले की. शाळेने त्याला काढलं नाही. घंटा तो घड्याळ बघून द्यायचा आणि पोळीच्या तुकड्यावर तूप किती, वेफर्सचं पाकीट कोणाच्या खिशात, हे आता डोळ्यांनी बघायचा.

या वर्षीचं धुकं डिसेंबरातच आलं. भाविका आता गावापलीकडच्या शाळेत आठवीला आहे. पण त्या सकाळी ती आमच्या मुलांबरोबर आली. डॉक्टरांनी हळू धावायला परवानगी दिली होती. तिने आत्मारामला हातवारे करून सांगितलं, मी धावणार आहे. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलं गेली, धुक्याने गिळली. आत्मारामने वल्हं रोवलं, पण कान लावला नाही. तो बाजूला सरला आणि ते टोक माझ्याकडे झुकवलं.

"बाई, तुमी ऐका," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, फार मोठा. "यंदाबी एकतीस पोरं, नि भाविका. तिच्या मागं कोन हाय का? माजी पोर गेली असल का आता? धा-अकरा महिनं मी तिला ऐकली नाय. ती थकली असल हो, बाई. एवढंच सांगा मला."

नाही कसं म्हणणार? मी कान लावला. लाकूड गार होतं आणि मिठाचा वास येत होता. आधी नुसती समुद्राची घरघर. मग पावलं, शेंगा फुटाव्यात तशी, खूप, एकात एक मिसळलेली. मला ती मोजता येईनात. मग एक वेगळी कळली, बुटांची, सावकाश. भाविका. तिच्या मागे काही नव्हतं. एका पावलावर नाही, दोन पावलांवर नाही. ती एकटी धावत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याला सांगणार, एवढ्यात ऐकलं.

मुलांच्या पावलांपासून वेगळं, त्यांच्या घोळक्यातून सुटून, काहीतरी सरळ आमच्याकडे येत होतं. धावत नव्हतं. चालत होतं. एक हलकं पाऊल आणि मागून एक ओरखडा. एक पाऊल, एक ओरखडा. मी डोळे उघडले. समोर नुसतं पांढरं. वाळूवर काही नाही. वल्ह्यात मात्र ते इतकं जवळ आलं की माझ्या दाताला झिणझिण्या आल्या, आणि आमच्यापाशी येऊन थांबलं.

आत्माराम माझ्या तोंडाकडे बघत होता. "गेली?"

मी बोलले नाही. त्याच्या समोर हात धरला आणि दोन बोटं वर केली.

त्याने ती बोटं पाहिली. मग हळूच डावा हात अंगापासून जरा लांब नेला, दहा वर्षांच्या मुलीचं डोकं जिथवर येईल तिथवर, आणि धुक्यात तो तसाच धरून उभा राहिला.